ताई, ती १३२ पानं वाचल्याबद्दल

ताई,

नाव मुद्दाम टाकत नाहीये, टाकलं तर तुम्ही वैतागाल माहितीये मला. पण हे जाहीरच लिहायचं होतं, कारण गेले चार महिने तुम्ही माझ्या सिनेमाच्या स्क्रिप्टवर जेवढा वेळ घालवलात त्याबद्दल मी फोनवर नुसतं "थँक्यू हं ताई" म्हणून विषय उडवला आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

पहिले तर कबुली. पहिला ड्राफ्ट पाठवला तेव्हा मी चीटिंग केलं होतं. खरी पानं १३२ होत होती आणि कुणीतरी डोक्यात भरवलेलं की नवख्या माणसाची स्क्रिप्ट १२० च्या वर गेली की वाचणारा आधी शेवटचा पान नंबर बघतो आणि बाजूला ठेवतो, मग मी काय केलं, फॉन्ट साडेअकरा केला, लाइन स्पेसिंग जरा दाबलं, खालचा मार्जिन पाऊण इंचावर आणला आणि ११९ पानांची पीडीएफ करून दिली पाठवून. म्हटलं कोण मोजत बसतंय. दहा मिनिटांत तुमचा मेसेज: "पानावर ६१ ओळी कशा बसल्या?"

बास, एवढंच. मला दरदरून घाम.

नंतर तुम्ही शांतपणे सांगितलंत की कुरियर १२ मध्ये (म्हणजे कुरियर फॉन्ट, साइज १२) प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, इंचाला १० अक्षरं आणि ६ ओळी, म्हणून पानाला साधारण ५५ ओळी येतात आणि त्याच्यावरच एक पान म्हणजे पडद्यावरचं अंदाजे एक मिनिट हा सगळा हिशोब उभा आहे. हॉवर्ड केटलरने १९५० च्या दशकात आयबीएमच्या टाइपरायटरसाठी केलेला फॉन्ट, टाइपरायटर केव्हाच गेले पण हिशोब राहिला. डावा मार्जिन दीड इंच का, तर तिथे पंचिंगची भोकं पडतात. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं हो! सगळे म्हणायचे "फॉरमॅट पाळ", का पाळायचा ते कुणी बोलायचं नाही. तुमच्या प्रत्येक कॉमेंटच्या मागे मात्र सेटवरचा कुणीतरी माणूस उभा असायचा, ज्याचं काम माझ्या चुकीमुळे वाढणार होतं.

सीन हेडिंगचंच घ्या, म्हणजे सीनच्या वरची जागा आणि वेळ सांगणारी ओळ. मी एकाच घराला पान ४ वर "सुहासचं घर" म्हटलं, पान १९ वर "जुनं घर" आणि पान ५० वर नुसतं "घर". मला वाटलं वाचणाऱ्याला कळतंय की. तुम्ही म्हणालात, वाचणाऱ्याला कळेल, पण ब्रेकडाउन करणारा, म्हणजे कुठल्या सीनला काय लागणार त्याची यादी काढणारा असिस्टंट तीन लोकेशन लिहील आणि रात्री दोन वाजता तुला फोन करेल. आणि हेडिंगमध्ये "संध्याकाळ होत आलेली, हवेत उदासी" असं लिहिलं होतं त्याच्यावर नुसतं लाल प्रश्नचिन्ह. डे का नाइट तेवढं सांग, लाइटवाला उदासी कुठून आणणार. पानाचे आठ भाग करून शूटिंगचं शेड्यूल लावतात, साधारण एका इंचाचा एक भाग, हेही तेव्हाच कळलं, आणि माझे लाडके सव्वादोन पानी परिच्छेद म्हणजे कुणाच्या तरी दिवसाची वाट लावणारे होते हेपण.

व्ही. ओ. (व्हॉइस ओव्हर) आणि ओ. एस. (ऑफ स्क्रीन) वरून तर तुम्ही माझी जी काढलीत! सुहासची बहीण बाथरूममधून ओरडते आणि मी तिच्या नावापुढे व्ही. ओ. टाकलेलं. "ती बाथरूममध्ये आहे का वर गेलीय?" घरातच आहे, फक्त फ्रेममध्ये नाही, तर ओ. एस.; फोनवरचा आवाज किंवा निवेदन असेल, म्हणजे माणूस त्या जागी नाहीच, तर व्ही. ओ. आयुष्यात विसरणार नाही आता.

पण खरे आभार मला त्या खोलीच्या सीनसाठी मानायचेत. माझं मूळ असं होतं (लाज वाटते पण लिहितो):

"सुहास हळूहळू खोलीत प्रवेश करू लागतो. आपल्याला दिसतं की त्याच्या मनात लहानपणीच्या असंख्य आठवणी दाटून आल्या आहेत. याच खोलीत बाबांनी त्याला पट्ट्याने मारलं होतं आणि ती गोष्ट तो आजपर्यंत विसरू शकलेला नाही. तो अस्वस्थपणे पलंगावर बसून राहतो."

तुम्ही "मनात" या शब्दाला गोल केलात आणि लिहिलंत, कॅमेरा कुठे ठेवू? मी दोन दिवस चिडून होतो, खरं सांगतो. म्हटलं यांना भावना कळत नाहीत. मग तिसऱ्या दिवशी चिडूनच लिहिलं:

"सुहास आत येतो. भिंतीवर खुंटी, खुंटीला पट्टा. तो पट्ट्याकडे पाठ करून बसतो."

आणि तुमचा रिप्लाय आला, "हां." नुसतं हां. तो स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे.

त्याच्यानंतर मला नादच लागला. "लागतो", "राहतो", "टाकतो" शोधून शोधून काढले. आपल्या मराठीत ही क्रियापदांची शेपटं फार, बोलताना गोड वाटतात पण ॲक्शनमध्ये, म्हणजे कोण काय करतो त्या वर्णनात, माणूस "उठून उभा राहतो" तेव्हा तो फक्त उठतो. डायलॉगच्या वरचे कंस, रागाने, हताशपणे, किंचित हसून, पहिल्या ३० पानांत ४१ निघाले, ठेवले ३. ॲक्टरला पण काहीतरी काम ठेव म्हणालात. आणि ती तुमची युक्ती, परिच्छेदाच्या शेवटी एकच शब्द खालच्या ओळीत लोंबकळत असेल तर वरचा एखादा शब्द कापायचा म्हणजे आख्खी ओळ वाचते. हसू नका, पण नुसत्या तेवढ्यावर माझी चार पानं गेली, सीन एकही न काढता. मी उगाच मार्जिनशी मारामारी करत बसलेलो.

एका गोष्टीवर आपलं अजून जमलेलं नाही. स्क्रिप्ट मी रोमनमध्ये टाइप केली, बरेच जण करतात तशी, आणि तुमचं म्हणणं डायलॉग तरी देवनागरीत कर, नाहीतर ॲक्टर "पान" वाचताना "पण" वाचतो. पटतंय, पण मग कुरियरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, आपली अक्षरं एका रुंदीची पण नसतात, म्हणजे मिनिटाचा हिशोब परत डोळ्याने लावा. शिवाय पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा नाव कॅपिटलमध्ये लिहायचं असतं, आपल्याकडे कॅपिटल आहे कुठे. तुम्ही बोल्ड कर म्हणालात, मी अंडरलाइन करून बघितलं, मात्रा आणि उकारांत ती रेघ अडकून सगळा पसारा दिसतो. बोल्डच बरं. हे कबूल.

आणि ते "पावसाला घाई नव्हती" वाक्य. तुम्ही तीनदा कापलंत, मी चौथ्यांदा परत घातलंय. ते काही कॅमेऱ्याला दिसत नाही, माहितीये, पण १०४ पानांत एक ओळ माझी असू द्या ना. (तुमच्या दुसऱ्या ड्राफ्टवरच्या कॉमेंटमध्ये त्याच्या बाजूला एक बारीक टिकमार्क होता, पेन चुकून लागलं असेल तर सांगू नका.)

तुम्हाला शूटिंगवरून यायला रात्रीचे अकरा व्हायचे आणि त्याच्यानंतर तुम्ही माझी पानं उघडायचात, हे मला तुमच्या कॉमेंटच्या वेळांवरून कळलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. पान ८८ वरची कॉमेंट रात्री १.४० ची आहे. तिथे फक्त लिहिलंय, "हा सीन एक मिनिट लवकर संपतो, बघ." बघितलं. खरंच आधीच संपत होता, पुढचं उगाच होतं. त्या सीनमधल्या बाईचं शेवटचं वाक्य काढलं, आता ती दार उघडं ठेवून जाते आणि कट.

नवीन ड्राफ्ट मेल केलाय. कुरियर १२, चारही मार्जिन जिथल्या तिथे, पहिल्या पानावर नंबर नाही. ओळी मोजून बघा हवं तर.

तुमचा,
६१ ओळीवाला