‘मोकळीक दिली’ म्हणजे नेमके काय दिले?

महोदय,

सीमेवर काही घडले की आपल्याकडे दोन मथळे तयारच असतात. एक, ‘जवानांचे हात बांधलेले’. दुसरा, ‘सैन्याला पूर्ण मोकळीक’. २९ एप्रिल २०२५ रोजी दुसरा मथळा झळकला होता: कारवाईची पद्धत, लक्ष्य आणि वेळ ठरवण्याचे स्वातंत्र्य सैन्यदलांना दिले, अशी ती बातमी होती. आठवडाभराने, ६-७ मेच्या मध्यरात्री ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये नऊ ठिकाणांवर हल्ले झाले आणि लगेच निघालेल्या सरकारी निवेदनात पाकिस्तानच्या एकाही लष्करी ठाण्याला लक्ष्य केले नसल्याचे म्हटले होते. म्हणजे स्वातंत्र्यही होते आणि मर्यादाही होती. मथळ्यात मात्र एकच मावते, आणि वाचकाचा गैरसमज तिथून सुरू होतो.

लष्करी भाषेत ज्यांना ‘रूल्स ऑफ एंगेजमेंट’ म्हणतात, ते शस्त्रवापराचे नियम म्हणजे हातातल्या बेड्या नव्हेत. कोणी, कोणावर, कुठे, कोणत्या शस्त्राने आणि कोणाच्या परवानगीने मारा करायचा, याचे ते उत्तर असते. जिनिव्हा करारांसारखा युद्धकायदा हे बाहेरचे कुंपण. त्याच्या आत सरकार आपले कुंपण घालते. ते कायद्यापेक्षा कडक असू शकते, सैल असू शकत नाही. राजकीय उद्दिष्ट बदलले की आतले कुंपण सरकते. म्हणून ‘नियम का आहे?’ यापेक्षा ‘या नियमात बसणारी पद्धत आणि साहित्य दिले होते का?’ हा प्रश्न मोलाचा.

कारगिल हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. मे १९९९ मध्ये हवाई दल वापरण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर: नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. शत्रूची ठाणी रेषेपासून मोजक्या किलोमीटरवर होती. बॉम्ब वाहणाऱ्या लढाऊ विमानाला विरळ हवेत वळायलाच काही किलोमीटरचा घेर लागतो. त्यामुळे लक्ष्यावर सोयीच्या दिशेने, रेषेकडे तोंड करून जाण्याची सोय राहिली नाही. डोंगररांगेच्या कलाने, रेषेला समांतर जाऊन मारा करावा लागला. त्यातच माथे १६ ते १८ हजार फुटांवर आणि माथ्यांवर खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे. दरीतून ज्याची पोहोच कमी वाटते, ते क्षेपणास्त्र शिखरावरून डागले की विमानापर्यंत सहज पोहोचते. २७ मे रोजी एक मिग-२७ इंजिन बंद पडून आणि त्याच्या वैमानिकाचा शोध घेणारे मिग-२१ क्षेपणास्त्र लागून पडले. २८ मे रोजी एमआय-१७ हेलिकॉप्टर गेले, त्यातले चौघेही गेले.

तेव्हाही ‘हात बांधले’ ही हाकाटी झाली. पण अट तशीच राहिली. बदलले ते तंत्र. सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्यांतून काढली गेली. विमाने क्षेपणास्त्रांच्या माऱ्याच्या वर गेली. एवढ्या उंचीवरून साधा बॉम्ब टाकला तर विरळ हवेमुळे तो नेहमीच्या तक्त्यांप्रमाणे पडत नाही. शिवाय लक्ष्य म्हणजे धारेवरचा एखादा तंबू किंवा दगड रचून केलेला आडोसा. बॉम्ब थोडा पुढे गेला की पलीकडच्या उतारावर शेकडो फूट खाली. मग मिग-२१च्या वैमानिकांनी हातात मावणारे जीपीएस आणि स्टॉपवॉच घेऊन बॉम्बफेक केली. मिराज-२००० वर लक्ष्यावर लेझर किरण धरणारा पॉड आणि हजार पौंडी बॉम्बचे लेझर-मार्गदर्शक संच जुळवले गेले आणि २४ जूनला टायगर हिलवरील ठाण्यावर तो बॉम्ब अचूक बसला. असे बॉम्ब मोजकेच वापरले गेले. रेषा शेवटपर्यंत ओलांडली नाही. हवाई दलप्रमुख ए. वाय. टिपणीस यांनी हवाई शक्ती वापरण्याआधी राजकीय मंजुरीचा आग्रह धरला, त्यावरून तेव्हा टीका झाली. माझ्या मते तो आग्रह योग्य होता. अट आधी स्पष्ट झाली म्हणूनच तिच्यात बसणारी पद्धत शोधता आली.

लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत नेमके उलटे झाले. १५ जून २०२० नंतर ‘जवानांना निःशस्त्र का पाठवले?’ असे सर्रास छापले गेले. ते खरे नव्हते. शस्त्रे सोबत होती, असे परराष्ट्रमंत्र्यांनीच स्पष्ट केले. आमनेसामने आल्यावर ती न वापरण्याचा प्रघात होता. त्याचा आधार २९ नोव्हेंबर १९९६ च्या भारत-चीन कराराचे सहावे कलम: प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, स्फोट घडवायचे नाहीत. २००५ च्या प्रोटोकॉलने पुढची पायरी सांगितली: आमनेसामने आलात तर थांबा, पुढे सरकू नका, बळाचा वापर किंवा धमकी नको, आपापल्या तळावर परता.

कागदावर चोख. पण दोन किलोमीटर मोजायचे कोणत्या रेषेपासून? त्याच करारात मान्य केले आहे की काही तरतुदींची पूर्ण अंमलबजावणी रेषेबद्दल एकमत होण्यावर अवलंबून आहे. पश्चिम क्षेत्रात, म्हणजे लडाखमध्ये, ते एकमत आजवर झालेले नाही. दुसरी फट याहून घातक होती. कलमात बंदुकीचा विचार होता, खिळे ठोकलेल्या सळयांचा नव्हता. पँगाँग सरोवराच्या काठी ऑगस्ट २०१७ मध्येच दगडफेक झाली होती, मे २०२० मध्ये पुन्हा हाणामारी झाली. धोका बदलल्याचे दिसत होते. ढाली आणि अंगभर संरक्षक पोशाख मात्र आपले वीस जवान, त्यांत ‘१६ बिहार’ बटालियनचे कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष बाबू, गमावल्यावर पोहोचले. एकदा अंधारात दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांत मिसळली की गोळीबाराची मुभाही फारशी उपयोगी नसते, कारण गोळी आपल्याच माणसाला लागते. त्यानंतर असाधारण परिस्थितीत गोळीबाराचा निर्णय घेण्याचा अधिकार जागेवरच्या कमांडरना दिल्याच्या बातम्या आल्या. त्याचीही ‘मोकळीक’ झाली. खरे तर तो निर्णयाची पातळी खाली आणणारा बदल होता.

ही पातळी खाली येते तेव्हा ओळख पटवण्याची जबाबदारीही तिच्यासोबत खाली येते. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधील ओटिंगजवळ दबा धरून बसलेल्या लष्कराच्या तुकडीने पिकअप गाडीतून घरी निघालेल्या कोळसा खाणकामगारांवर गोळ्या झाडल्या, सहा जण जागीच गेले. राज्य पोलिसांच्या विशेष पथकाने आरोपपत्रात ठेवलेला ठपका असा की ओळख पटवलीच नाही, शस्त्रवापराचे नियम पाळले नाहीत. केंद्राने खटल्याला मंजुरी दिली नाही. तिथे तुकडीला सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याने (अफ्स्पा) दिलेली मोकळीक भरपूर होती. त्याच कायद्यावरील १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लष्कराची ‘काय करावे, काय करू नये’ ही सूची बंधनकारक ठरवली आहे, हे किती बातम्यांत आले?

सगळे नियम छापा असे मी म्हणत नाही. कोणत्या अंतरावर गोळी सुटेल हे शत्रूला कळता कामा नये, ते गोपनीयच हवे. पण गोळीबाराची परवानगी आता कंपनी कमांडरकडे आहे की त्याच्या वर, हा बदल कोणत्या लेखी आदेशाने झाला आणि त्यासोबत कोणते साहित्य दिले, हे आपल्या वार्ताहराने पत्रकार परिषदेत विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ‘विचारले, उत्तर मिळाले नाही’ एवढे तरी बातमीत यावे.

आपला,
एक नियमित वाचक,
देवळाली कॅम्प, नाशिक