विषय: पुस्तकाची विक्री बंद, एक्स्क्लुझिव्हिटी मात्र चालू

प्रति,
व्यवस्थापक, लेखक विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ताच ठेवला आणि हे लिहायला बसले. नियम तुमचेच आहेत, तेव्हा ते समजावून सांगत नाही. माझी कादंबरी ई-बुक म्हणून फक्त तुमच्याकडे आहे. करार ९० दिवसांचा, मुदत संपली की आपोआप पुढे सरकणारा. तेवढ्या काळात पुस्तक दुसरीकडे ठेवायचं नाही, फुकटसुद्धा नाही. हे मी मान्य केलं कारण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी फक्त एक्स्क्लुझिव्ह लेखकाला, बाकीच्यांना ३५. याला तुम्ही 'ऐच्छिक योजना' म्हणता.

मग तुमची मेल आली. पुस्तक अन्यत्र आढळलं, सबब करारभंग, सबब विक्री बंद. 'अन्यत्र' म्हणजे टेलिग्रामवरचं एक चॅनल. तिथे मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फुकट वाटल्या जातात, हे मराठी पुस्तकं विकणाऱ्या कंपनीला ठाऊक नसावं? ती पीडीएफ मी उघडून पाहिली. तुमच्याच ॲपमधल्या पानांचे स्क्रीनशॉट आहेत, खाली वाचनाची टक्केवारीसुद्धा दिसते. चोरी तुमच्याकडून झाली आणि आरोपी मी.

आता आजचा संवाद. (मराठी पुस्तकांचा विभाग आहे, मराठी बोलणारा माणूस नाही.) मी विचारलं, ते चॅनल माझं नाही हे सिद्ध कसं करू? तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "मॅम, चॅनल के ॲडमिन से लिखित में ले लीजिए कि उनके पास आपकी परमिशन नहीं है." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चोराकडून लेखी आणू? "जी मॅम, ईमेल भी चलेगा." ईमेलही चालेल! केवढी ही सवलत. मी सांगितलं की 'अशा ॲडमिनची माहिती द्या' हे टेलिग्रामला सांगायला २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला होता. त्यावर मला होल्डवर ठेवलं गेलं. परत आल्यावर प्रश्न, "मॅम, आप पायरेटेड बुक की ऑथर हैं ना?" नाही हो, मी माझ्याच पुस्तकाची लेखिका आहे. शेवटी कॉलला पाचपैकी पाच द्यायची विनंती झाली.

टेलिग्रामला नोटीस मीच पाठवली. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५, म्हणजे अशा नोटिशीचाच नियम, वाचून, एकटीनं. पीडीएफ तिथून गेली, दुसऱ्या चॅनलवर उगवली. तुमची कायदेशीर टीम फक्त लेखकांसाठी राखून ठेवली आहे का?

पुस्तक तुम्ही काढलंत, पण डॅशबोर्डवर एक्स्क्लुझिव्हिटी अजून 'सुरू' आहे. तुम्ही विकणार नाही आणि मला दुसरीकडे विकू देणार नाही. तुला न मला, घाल कुत्र्याला! आज माझी कादंबरी कुठेही विकत मिळत नाही, मिळते ती त्या चॅनलवर. एक्स्क्लुझिव्ह वितरक आता तोच. दिवाळी अंकात मी पदरचे पैसे घालून जाहिरात दिली होती. त्यातली लिंक उघडली की 'पान सापडले नाही'.

सदस्यांनी वाचलेल्या पानांचे पैसेही अडकले आहेत. वाचकांनी वर्गणी भरली, तुम्ही ती घेतली, पानं वाचून झाली. माझा वाटा 'तपासाधीन'. पानांचा कसला तपास?

पुस्तक पुन्हा विक्रीला ठेवा, नाहीतर एक्स्क्लुझिव्हिटी आजच्या तारखेनं संपल्याचं लेखी द्या. ईमेल चालेल. अडकवलेले पैसे चुकते करा. आणि पुन्हा सांगते, ते चॅनल माझं नाही. स्पर्धा कायदा २००२, कलम ३(४) मध्ये स्पर्धेला बाधक ठरू शकणाऱ्या करारांत एक्स्क्लुझिव्ह वितरणाचे करारही येतात, ते वकिलांना दाखवलं आहे. असल्या धमक्या तुम्हाला रोज येत असतील. पण तुमच्या भरवशावर मी छापील आवृत्ती काढली नाही, आणि ओळखीच्या चार लिहिणाऱ्यांना तुमच्याकडे आणलं. त्यांना आता मीच फोन करते आहे.

उत्तर मराठीत द्यावं. 'प्रिय लेखक'नं सुरू होणारा ठरावीक मसुदा पाठवू नये, तो माझ्याकडे भरपूर आहे.

तुमच्या नोंदीनुसार करारभंग करणारी,
एक लेखिका