फायटर विकताना थंडीचेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की निफाडचा पारा आपल्या पहिल्या पानावर येतो, द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. त्याच थंडीत आमच्या टीव्हीशेजारच्या बरणीत काय चालले होते, ते मला उशिरा कळले.

नातीच्या वाढदिवसाला निळा फायटर मासा आणला. दुकानदार म्हणाला, "ह्याला काही लागत नाही काका. मोटर नको, काही नको." मोटरचे एक वेळ ठीक, हा मासा वर येऊन हवा घेतो. पण तो मूळचा थायलंडकडचा, त्याला २४ ते २८ अंशांचे पाणी लागते, हे कोण सांगणार? पौष लागला तसा तो तळाशी पडून राहू लागला. पर मिटलेले, दाणे तसेच तरंगताहेत. नात म्हणाली, रुसलाय. तापमापी आणून सकाळी सहाला पाहिले, तर पाणी १७ अंश! घाबरून मी अर्धा तांब्या कढत पाणी ओतले. चूक माझीच. तो झटका त्याला सोसला नाही; दुपारी गेला.

दुसरा आणण्याआधी पंधरा लिटरची टाकी घेतली. बरणीभर पाणी रात्रीतून गार पडते, जास्त पाणी सावकाश निवते. त्यात २५ वॉटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर. चोवीस तास अखंड चालला तरी ०.६ युनिट, आणि तो अखंड चालत नाहीच. वर झाकण. लाइट गेली की सौभाग्यवतींची जुनी शाल टाकीभोवती.

जन्मभर वायरिंग केले म्हणून हेही लिहितो. हीटरची वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या; ओघळलेला थेंब तिथूनच टपकतो, सॉकेटात शिरत नाही. पाणी बदलताना आधी बटण बंद करून प्लग काढा आणि पंधरा मिनिटे थांबा. तापलेली काचेची नळी पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते.

त्या दुकानात अजूनही शटरजवळच्या फळीवर प्लास्टिकच्या कपांत फायटर ओळीने मांडलेले असतात. वर पाटीवर भाव. त्याच पाटीवर 'पाणी २६ अंश' एवढे लिहायला खडू किती लागतो?

आपला,
एक निवृत्त वायरमन, नाशिकरोड