दवेगची साक्ष कशी वाचावी

चि. रूथ हिस,
प्रभूच्या नावात सलाम.

तरुण संघात बायबलमधल्या १ शमुवेल २२ वर तू बोलणार आहेस, तर हा अध्याय सुटा उचलू नकोस. २१:१ पासून २२:२३ पर्यंत एका दमात, मोठ्यानं वाच. मधलं गथ, अदुल्लामची गुहा, मवाब हे दोन वाक्यांत आटप.

खरं काम पुढे आहे. २२:९-१० मधली दवेगची, म्हणजे शौल राजाच्या मेंढपाळांच्या मुख्याची साक्ष आणि २१:१-९ मधली हकिकत शेजारी शेजारी ठेव. दवेग तीन गोष्टी सांगतो: नोबचा याजक अहीमलेख यानं शौलापासून पळणाऱ्या दावीदासाठी परमेश्वराला विचारलं, शिधा दिला, गल्याथाची तलवार दिली. बरेच जण इथे घाई करतात आणि त्याला सरळ खोटारडा ठरवतात. पण भाकर आणि तलवार २१ व्या अध्यायात आहेतच, आणि देवाला विचारल्याचं याजक स्वतःही नाकारत नाही (२२:१५). खोट आहे ती गळलेल्या भागात. दावीदाला एकटं पाहून याजक थरथरला होता, आणि आपण राजाच्या कामावर आहोत असं दावीदानं त्याला खोटंच सांगितलं होतं. एवढं शौलाच्या कानी पडलं असतं, तर अहीमलेख फितूर नाही, फसलेला माणूस दिसला असता. ते बोलणं दवेगनं ऐकलं होतं का, हे शास्त्र सांगत नाही. तूही त्याच्या मनात शिरू नकोस. त्याच्या जिभेला वस्तरा का म्हटलंय, ते मग स्तोत्र ५२ वाचताना मुलांना आपोआप कळेल.

आता शौल. हातात तोच भाला, जो त्यानं दावीदावर आणि योनाथानावरही फेकला. दावीदाचं नाव तो घेतच नाही, ‘इशायाचा मुलगा’ म्हणतो. हा इशायाचा मुलगा तुम्हाला शेतं, द्राक्षमळे देणार का, असं आपल्याच वंशाच्या बन्यामिनी लोकांना विचारतो. इथे ८:१४ उघड: राजा तुमची शेतं घेऊन आपल्या चाकरांना देईल, हा शमुवेलाचा इशारा खरा झालाय. मग तो सगळ्यांनाच कटवाले ठरवतो, मला कोणीच काही सांगत नाही म्हणतो, आणि नेमका त्याच क्षणी दवेग तोंड उघडतो. भेदरलेल्या दरबारात चहाडीला भाव येतो तो असा.

२२:१७ वर थांब. शौल याजकांना मारायला सांगतो, पण पहारेकरी त्यांच्यावर हात उचलत नाहीत; मग तो ते काम दवेगला सांगतो. राजाज्ञा मोडायचं धैर्य त्यांच्यात होतं, पण दवेगचा हात कोणी धरल्याचं लिहिलेलं नाही. त्याच्या हातून ८५ याजक पडले. त्यानंतर २२:१९ आणि १५:३ एकापाठोपाठ वाचून घे. अमालेक्यांचं सगळं नष्ट करायची देवाची आज्ञा असूनही शौलानं त्यांचा राजा अगाग याला आणि चांगल्या गुराढोरांना राखलं. याजकांच्या नोब गावात मात्र तान्ही मुलंसुद्धा सोडली नाहीत.

एली याजकाच्या घराण्यावरच्या भाकिताबद्दल (२:३१-३३; अहीमलेख त्याच घराण्यातला) कोणी विचारेलच. १ राजे २:२७ दाखव, पण त्यानं शौलाचा दोष पुसला जात नाही, हेही सांग.

दावीदाला झाकू नकोस. दवेग तिथे आहे हे पाहून तो शौलाला सांगणार हे मला तेव्हाच कळलं होतं, तुझ्या घरच्यांच्या मृत्यूला मीच कारण, असं तो अहीमलेखाचा वाचलेला मुलगा अब्याथार याला म्हणतो (२२:२२). त्याची थाप जीव वाचवण्यासाठी होती. किंमत दुसऱ्यांनी मोजली. शेवटची वीस मिनिटं या वचनाला ठेव आणि मुलांना बोलू दे. मग २२:२३ कोणाकडून तरी वाचून घे: दावीद अब्याथाराला आपल्याजवळ ठेवून घेतो.

तुझी,
आई