वस्ताद, माती उकरून ठेवलीत त्याबद्दल

वस्ताद, सादर नमस्कार.

मोबाईलवरचं लांबलचक तुम्ही वाचत नाही, नातवाकडून वाचून घेता, हे ठाऊक आहे. तरी हे चारचौघांत लिहितोय. ज्यांनी आम्हाला हात हलवत परत पाठवलं, त्यांच्याही कानावर जाऊ दे.

कोल्हापुरात रग्बी लीग, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा आणि पळणाऱ्याला पाडायचा खेळ, म्हटलं की पहिला प्रश्न, "हे आणि काय नवीन काढलंय?" त्यात गैर काही नाही. फुटबॉल आणि कुस्तीत बुडालेलं गाव आपलं. पण मी मैदान मागायला गेलो तेव्हा एका साहेबांनी आधी मान्यता आणायला सांगितलं. मान्यतेला संघ लागतो, संघाला मैदान लागतं, आणि मैदानाला पुन्हा मान्यता! दुसऱ्यांनी होकार दिला, तर ठरल्या दिवशी गेटला कुलूप आणि त्यांचा फोन बंद. चहा मात्र दोघांनीही पाजला.

मग पोरांना घेऊन तुमच्या तालमीत आलो. तुम्ही कागद मागितला नाहीत. एका बाजूला तेरा खेळाडू, सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांचा, एवढं ऐकलंत आणि म्हणालात, "पाडून दाखवा." पोरांनी दाखवलं. "हे तर कुस्तीतलं पट काढणंच की! पण मान मोडून घेणार ही. डोकं अंगापुढं घालायचं न्हाई, कुशीला लावायचं." लीड्सला नोकरीत असताना तिथले प्रशिक्षक पोरांना हेच बजावताना मी ऐकलं होतं. तुम्ही एका नजरेत पकडलंत.

पण वस्ताद, हे पत्र त्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आलो तेव्हा कुस्तीच्या मातीचा हौदा उकरलेला होता. ढेकळं फोडलेली, ताक-लिंबाचा वास, फावडं भिंतीला टेकवलेलं आणि तुमच्या पोटऱ्या लाल. तालमीतले पैलवान अजून उठायचे होते. या वयात हे एकट्यानं कशाला, असं विचारल्यावर म्हणालात, "तुमची पोरं पडायला नवीन हाईत. घट्ट मातीत आपटली तर उद्या येणार न्हाईत." पोरं उद्या यावीत याची काळजी तोवर माझ्याशिवाय कुणी केली नव्हती. मला तिथं काही बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

नव्या देशांत हा खेळ रुजला तो असाच. पैशाचं महत्त्व आहेच. पापुआ न्यू गिनीत हा राष्ट्रीय खेळ, त्यांचा संघ 2028 पासून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये उतरणार आहे आणि त्यामागे ऑस्ट्रेलिया सरकारचे दहा वर्षांचे 60 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आहेत. पण ग्रीसमध्ये उघडपणे सामने भरवायची परवानगी नव्हती, तेव्हा पोलीस येतील या धास्तीनं मध्यरात्री सामने झाले. त्या वेळी दिवे लावायला, गेट उघडायला कुणीतरी जागलंच असेल ना? तोच ग्रीस 2022 मध्ये इंग्लंडात विश्वचषक खेळला. इंग्लंडनं त्यांना 94-4 असं धुतलं, ते सोडा. जमैकाही तिथं पहिल्यांदाच आला होता. न्यूझीलंडकडून 68-6 असा हरला, पण बेन जोन्स-बिशपनं त्यांचा विश्वचषकातला पहिला ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपार चेंडू टेकवून गुण मिळवले, तेव्हा स्टेडियम दणाणलं.

हा खेळ जन्मला तोही रोजंदारीच्या भांडणातून. 1895 मध्ये हडर्सफील्डला उत्तर इंग्लंडचे क्लब मूळ रग्बी संघटनेतून वेगळे झाले, कारण सामन्यासाठी बुडालेली मजुरी खेळाडूंना द्यायला संघटनेतली वरची मंडळी तयार नव्हती. आमची निम्मी पोरं उद्यमनगरात लेथवर असतात. त्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही.

खाशाबांना 1952 मध्ये हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. कोणत्या खात्यानं त्यांना तसं सांगितलं होतं? भली माणसं आधी करून मोकळी होतात, मग बाकीचे हार घेऊन येतात. आमचं काही नाव झालं तर ते साहेबही हार घेऊन येतील. येऊ देत, त्यांनाही चहा पाजू.

तुम्ही पैसे घेणार नाही, हे कळून चुकलंय. मग एवढं तरी ऐका. फावड्याची जागा पोरांनी हेरून ठेवली आहे आणि येत्या गुरुवारपासून हौदा तीच उकरणार आहेत. तुम्ही कट्ट्यावर बसून शिव्या घाला, पण फावड्याला हात लावायचा नाही.

तुमचाच,
तिरक्या चेंडूवाला मास्तर