काचेचे कपाट नको, बाबा

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले की पावसाळ्याआधी सुतार घरी येणारच आहे, तर दिवाणखान्यात काचेच्या दारांचे कपाट करून माझे सगळे जुने स्नेअर ड्रम (खालच्या पानाला तारा लावलेले काठीने वाजवायचे ढोल) त्यात मांडून टाकू. इतकी वर्षे ज्यांना तुम्ही भंगार म्हणत आलात त्यांना घरातली दर्शनी जागा देऊ केलीत, याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही ते कपाट करू नये अशी माझी विनंती आहे. फोनवर बाबांपुढे माझे म्हणणे नेहमी अर्धवट राहते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

नव्या ड्रमच्या पैशात क्रोम उडालेला ड्रम कशाला घेतलास, असे बाबांनी विचारले होते. तो शिकागोच्या लडविग कंपनीचा सुप्राफोनिक आहे, 1960 च्या दशकातला, 14 इंच व्यासाचा आणि 5 इंच खोलीचा. या ड्रमचे शेल, म्हणजे गोल सांगाडा, सुरुवातीला पितळेचे असे. त्याच दशकाच्या पहिल्या काही वर्षांत कंपनी अ‍ॅल्युमिनियमकडे वळली. अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, हे उभा जन्म वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. त्यामुळे या ड्रमवर आधी बारीक पुळ्या उठतात आणि मग पापुद्रे सुटतात. आवाजाला त्याने काडीचीही बाधा येत नाही, किंमत मात्र उतरते, आणि तेवढ्यामुळेच तो माझ्या हाती लागला. शेजारचा राखाडी ड्रम अ‍ॅक्रोलाइट. तेच अ‍ॅल्युमिनियमचे शेल, पण क्रोमशिवाय, आणि ताण देणारे बोल्ट दहाऐवजी आठ. तो विद्यार्थ्यांसाठी स्वस्तात काढला होता. काही संग्राहक त्याला दुय्यम मानतात. मी मानत नाही.

असे ड्रम अजूनही मिळतात याचे श्रेय थोडेसे बीटल्सना द्यावे लागेल. 9 फेब्रुवारी 1964 रोजी त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार अमेरिकी दूरचित्रवाणीवर लडविगच्या ड्रमवर वाजवताना दिसला आणि मागणी इतकी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. तेव्हा एवढा माल निघाला म्हणून आज माझ्यासारख्या नोकरदाराला त्यातला एखादा परवडतो.

बाबांना आवडेल अशी एक गोष्ट बोल्टची. अमेरिकी ड्रमच्या बोल्टला इंचाला 24 आटे असतात आणि जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर, त्यामुळे आपल्या बाजारातला मेट्रिक बोल्ट तिथे बसत नाही. कोणी तो जबरदस्तीने पिळला की लगमधले, म्हणजे शेलवरच्या ज्या खोबणीत बोल्ट बसतो तिच्यातले, आटे जातात, आणि साठ वर्षे टिकलेली वस्तू पाच मिनिटांत निकामी होते. म्हणून एखादा बोल्ट सैल दिसला तरी, बाबा, पान्याला हात लावू नका.

तिसरा ड्रम लाकडी, इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचा. 2019 च्या महापुरात सांगलीतल्या एका बँडवाल्याचे सामान पाण्याखाली गेले, त्यातला हा. शेलच्या लाकडाचे थर सुटले होते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने ते सरस भरून, शिकंजे लावून पुन्हा एकजीव केले आणि वर मलाच विचारले की याचा भोपळा कुठे आहे. शेलच्या खालच्या कडेला समोरासमोर दोन जागी अगदी उथळ खोलगट भाग घासलेला असतो, ज्यामुळे तारा खालच्या पानावर (ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर) सपाट बसतात. त्या जागा त्याने कानसेने नव्हे, तर काचकागदाने, बोटाने पुनःपुन्हा चाचपत दुरुस्त केल्या. पाहताना मला त्याच्या हाताचा हेवा वाटला.

आई, तू विचारले होतेस की एवढा कडकडाट करणाऱ्या वाद्यात ऐकण्यासारखे काय आहे. तुझ्या तंबोऱ्याच्या तारेखाली तू दोरा सरकवतेस आणि एका नेमक्या जागी जवारी लागते. स्नेअरच्या खालच्या तारांचेही तसेच आहे. स्क्रू जास्त आवळला तर आवाज गुदमरतो, सैल सोडला तर नुसती खडखड होते, आणि मधल्या केसभर जागेत वरच्या पानावर काठी नुसती टेकवली तरी तारा बोलतात. माझ्या सुप्राफोनिकवर ही जागा लवकर सापडते, प्रीमियरवर प्रत्येक वेळी शोधावी लागते. खरे वादन जोरात मारण्यात नसून दोन ठोक्यांमधल्या त्या हलक्या हातात आहे, आणि तो हात वाद्य रोज वाजवले तरच तयार होतो. कपाटात बसलेल्या ड्रमला मी सुट्टीत दोन दिवसांसाठी बाहेर काढले, तर निम्मा वेळ तो जुळवण्यातच जाईल. म्हणून मी दर खेपेला एक ड्रम पुण्याला नेतो आणि दुसरा परत आणून ठेवतो. जे वाजवायचे नाही ते विकत घ्यायचे नाही, हे मी आधीच ठरवले आहे. त्यामुळे संग्रह वाढेल ही बाबांची भीती अनाठायी आहे. (निदान या वर्षापुरती.)

शिवाय बंद कपाटात सांगलीच्या पावसाळ्याची दमट हवा कोंडून राहील, तारांना गंज धरेल आणि लाकडी शेलला बुरशी लागेल. त्याऐवजी सुताराकडून पाठ नसलेली उघडी मांडणी करून घ्यावी, ही विनंती. रिमसकट, म्हणजे कडेच्या कड्यासकट, ड्रम 15 इंचांहून थोडा जास्त जागा घेतो, म्हणून फळीची खोली 18 इंच असावी. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, तेव्हा मांडणी तिथे नको, जिन्याजवळच्या भिंतीला लावावी, आणि तळाची फळी जमिनीपासून हातभर उंच असावी. पाने मी सैल करून ठेवली आहेत, पण पूर्ण काढू नयेत. लाकडी शेलला गोलाई धरून राहायला थोडा तरी ताण लागतो. आई, धूळ कोरड्या सुती फडक्याने पुसलीस तरी पुरे. पितळी भांड्यांची पावडर लावू नकोस, राहिलेले क्रोमही निघून येईल.

सुताराला लागणारे पैसे मी आजच पाठवतो. लाकूड सागवानीच हवे असे नाही, बाबांना योग्य वाटेल ते घ्यावे.

आपला
धाकटा