कचराकुंडी आणि बिबट्या
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आमच्या वसाहतीत गेल्या आठवड्यात पहाटे बिबट्या दिसला आणि पिंजरा लावण्याची मागणी सुरू झाली. ओल्या मातीत उमटलेले त्याचे पंजे पाहून मीही घाबरले. मात्र कुंपणालगतच्या कुंडीतून ओसंडणारे शिळे अन्न, त्यावर पोसलेली भटकी कुत्री आणि त्यांच्या मागावर येणारा बिबट्या ही साखळी तशीच राहिली, तर पिंजऱ्याने काय साधणार? पकडलेले बिबटे अन्यत्र सोडल्यावर त्या परिसरात माणसांवरील हल्ले वाढल्याचे जुन्नरच्या अनुभवातून दिसून आले आहे. कचरा रोज उचलला जावा, बंद पडलेले दिवे दुरुस्त व्हावेत आणि अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर सोडू नये, ही कळकळीची विनंती.
– एक रहिवासी, बोरिवली (पूर्व)